गूळपाणी

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात नुसतं पाणी ठेवायचं नाही, हा शर्वरी मगदूमच्या घरचा नियम होता. शिरोळ तालुक्यात तिच्या आप्पांचं गुऱ्हाळ. पोस्टमन येवो, विजेचं मीटर वाचणारा येवो की पत्ता चुकलेला कुणी वाटसरू येवो, आधी गुळाचा खडा, मग पाण्याचा तांब्या, आणि मगच 'बोला, काय काम काढलंत?' असा रिवाज. २०४१ साली 'सेव्हन ग्रेन्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तिला केनियाच्या उत्तर टोकाला, तुर्काना मुलखातल्या नालोकोल गावी केंद्रप्रमुख म्हणून पाठवलं, तेव्हा हा रिवाज तिच्या सामानाबरोबर आपसूक गेला.

गूळ तिथंही मिळे. देशाच्या पश्चिमेकडे ऊस होतो आणि गूळही निघतो. बाजारात त्याला 'सुकारी गुरू' म्हणतात. 'गुरू' म्हणजे गूळच, हा शब्द तिकडे आपलीच कुणी माणसं घेऊन गेली असणार, असं वाटून शर्वरीला पहिल्या आठवड्यात भारी आनंद झाला होता. तिनं स्वतःसाठी म्हणून दोन ढेपा आणल्या, फोडून पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला. तिथून तो स्वतःपुरता राहिला नाही, हे सांगायला नकोच.

नालोकोलला सलग चार वर्षं पाऊस फिरकला नव्हता. आधी गाई गेल्या, मग बहुतेक शेळ्या. केंद्र म्हणजे दोन तंबू, एक टाकी आणि बाभळीच्या जातीच्या एका झाडाची सावली. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं दर दहा दिवसांनी तिथं चालत येत, सावलीत अर्धा तास बसत आणि मग एका यंत्रात फुंकर घालून परत जात. अकिरु त्यातलीच एक. साठीला आलेली, हाडापेराची, गळ्यात निळ्यापिवळ्या मण्यांच्या इतक्या माळा की मान वळवायची तर खांदेही वळवावे लागत. ती अडीच तास चालून येई. सोबत पाच वर्षांची नात, नावोइ. नावोइची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली आणि बाप कामाच्या शोधात शहराकडे गेला तो तिकडचाच झालेला. आजीला नात आणि नातीला आजी, एवढंच कुटुंब.

"घ्या आजी, आधी गोड," असं मोडक्यातोडक्या भाषेत म्हणत शर्वरी त्यांच्या हातावर एकेक खडा ठेवी. अकिरु खडा घेई, झाडाकडे तोंड करून बसे आणि पाणी पिई. नावोइ मात्र शर्वरीकडे टक लावून बघे. तिचे दोन्ही गाल फुगलेले असत. शर्वरीला ते फुगलेले गाल बघून इतकं बरं वाटे की दिवसभराचा शीण जाई.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. शर्वरी त्याला 'फुंकणी' म्हणे. आकारही तसाच, हातभर नळी आणि टोकाला एक छोटा पडदा. त्यामागचं विज्ञान सरळ होतं. अन्न मिळतं तेव्हा शरीर पिठूळ-गोड पदार्थ जाळतं. अशा वेळी जितका प्राणवायू आपण आत घेतो, जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. अन्न बंद झालं की शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. मग हे प्रमाण घसरतं, दहाला दहाच्या जागी दहाला सात होतं, आणि श्वासात ॲसिटोन उतरतो. उपाशी माणसाच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो, तो त्याचाच. फुंकणी तीन श्वासांत हे दोन्ही मोजी आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवी. तिशीच्या खाली म्हणजे पोटात काहीतरी आहे. साठीच्या वर म्हणजे शरीर स्वतःला खातं आहे.

पूर्वी लहान मुलांच्या दंडाला पट्टी गुंडाळून कुपोषण मोजत. पण दंड बारीक होईपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असे. श्वास त्याच्या कितीतरी आधी बोलतो. शिवाय माणसांनी भरलेल्या तक्त्यांवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. कुणी पुढारी आपल्या गावाची भूक फुगवून सांगे, कुणी अधिकारी लाज वाटून दडवून ठेवी. त्यामुळे फुंकणीचे आकडे उपग्रहावरून थेट बर्नच्या मुख्यालयातल्या संगणकाला जात आणि कुठल्या केंद्राला किती धान्य, किती तेल आणि मुलांसाठीच्या शेंगदाण्याच्या पेस्टच्या किती लाल पुड्या, हे तो संगणकच दर दहा दिवसांनी ठरवी. मध्ये माणसाचा हात नाही, याचा संस्थेला मोठा अभिमान होता.

माणसानं भरायचा एकच रकाना उरला होता. 'गेल्या सहा तासांत काही खाल्लं आहे का?' शर्वरी तिथं स्वतःच 'नाही' अशी खूण करून टाकी. तिनं तो प्रश्न कधीच कुणाला विचारला नाही. बरगड्या मोजता येतील अशा बाईला 'काही खाल्लंत का' म्हणून विचारायला तिची जीभ रेटत नसे.

जुलैत बर्नहून पत्र आलं. नालोकोलचे आकडे पाहून तिथली मंडळी चकित झाली होती. मोठ्या माणसांची भूक साठीच्या वर, आणि सहा वर्षांखालची मुलं मात्र पंचविशीच्या आत. याचा अर्थ तिथली माणसं पोटाला चिमटा काढून मुलांना नीट जेवू घालताहेत, असं संगणकाचं म्हणणं पडलं. पत्रात या समाजाचं कौतुक होतं, शर्वरीचं नाव घेऊन अभिनंदन होतं आणि डिसेंबरच्या परिषदेत 'नालोकोलचा धडा' या विषयावर बोलायचं आमंत्रण होतं. शेवटी एक ओळ होती. इथल्या मुलांना सध्या गरज नसल्यामुळे लाल पुड्या पूर्वेकडच्या जिल्ह्याला वळवत आहोत.

शर्वरीनं पत्र आप्पांना फोनवरून वाचून दाखवलं. शेवटची ओळ तेवढी वाचली नाही. तिला ती महत्त्वाची वाटली नाही, इतकंच. पुढे ही गोष्ट तिला सगळ्यांत जास्त टोचली.

सप्टेंबरच्या पहिल्या फेरीला अकिरु एकटी आली.

एकाय तिच्याजवळ उभा होता. एकाय हा शर्वरीचा दुभाष्या आणि उजवा हात. तिशीचा, पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. स्वाहिलीत थोरल्या बहिणीला 'दादा' म्हणतात, त्यामुळे तो तिला दादा म्हणे आणि तिला दरवेळी हसू येई. त्या दिवशी मात्र नाही आलं.

"दादा," तो म्हणाला, "नावोइ गेली. मागच्या फेरीनंतर चौथ्या दिवशी. दोन दिवस ताप होता, बस."

अकिरुच्या गळ्यात एकही माळ नव्हती. इतकी वर्षं मण्यांखाली राहिलेली मान फिक्या पट्ट्यापट्ट्यांची दिसत होती. शर्वरीचा हात सवयीनं डब्याकडे गेला. तिनं गुळाचा खडा काढून अकिरुच्या तळहातावर ठेवला. अकिरुनं तो बघितला आणि अंगावरच्या कापडाच्या टोकात गुंडाळून ठेवला.

ती गेल्यावर शर्वरीनं नावोइची नोंद उघडली. मरणाच्या चार दिवस आधीचा आकडा होता बावीस.

"दोन दिवसांच्या तापानं धडधाकट पोर जात नाही," एकाय म्हणाला. "यंत्र बिघडलंय."

"पण धडधाकट कुठं होती रे ती?" शर्वरी पुटपुटली. तिनं त्या पोरीला दर दहा दिवसांनी पाहिलं होतं. मनगटं काडीसारखी होत चालली होती, केस विरळ होत होते. डोळ्यांना दिसत होतं, पण पडद्यावर बावीस दिसलं की ती डोळ्यांना गप्प बसवत होती. तिनं यादी वर-खाली केली. सहा वर्षांखालची आणखी चार मुलं या फेरीला आलेली नव्हती. चौघांचेही शेवटचे आकडे पंचविशीच्या आतले.

यंत्राची तपासणी तिनं दोनदा केली. फुंकणी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. तिकडे जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि आईचे उपास सुरू होते. नुसत्या उकळलेल्या पाण्यावरचा कडक उपास, सत्तराव्या वर्षीही. आवाज बारीक झाला होता तरी बोलण्याची हौस तीच.

"जेवलीस काय गं?"

"जेवले. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीया! तुझ्या वहिनीनं मात्र हसू केलं बघ काल. माझं तोंड सुकलेलं बघून गुळाचं पाणी घेऊन आली. 'आई, एवढं घ्या, पाणीच हाय,' म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, त्येच्यात गूळ पडला न्हवं? मग उपास ऱ्हायला कुठं? भाकरी खाल्ली काय नि गूळ खाल्ला काय, पोटाला कळतंय व्हय त्यो पावण्याला दिलाय म्हणून?" आई स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "अगं, ऐकतीस न्हवं? शरू?"

शर्वरीच्या कानात फोन होता आणि नजर टाकीशेजारच्या डब्यावर खिळली होती. "आई, नंतर करते," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्या दिवशी संध्याकाळपासून तिनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फुंकणीत फुंकर घातली. अठ्ठावन्न. मग गुळाचे दोन खडे तोंडात टाकले, पाणी प्याली आणि झाडाखाली जाऊन बसली, सगळे बसतात तशीच. अर्ध्या तासानं पुन्हा फुंकलं. चोवीस.

अन्नशास्त्राची पदवी तिनं पहिल्या वर्गात मिळवली होती. रिकाम्या शरीरात साखर पडली की ते घाईघाईनं तीच जाळायला घेतं, चरबी तशीच ठेवून. श्वासाचं प्रमाण वीस-पंचवीस मिनिटांत पालटतं, आणि लहान मुलाच्या बारा किलोच्या देहात तर आणखी लवकर. हे तिला परीक्षेत विचारलं असतं तर तिनं आकृती काढून दाखवलं असतं. पण गूळपाणी म्हणजे खाणं, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही. खाणं म्हणजे जेवण. गूळपाणी म्हणजे 'या, बसा.' सहा महिने ती माणसांना 'या, बसा' म्हणत होती, आणि त्यांची भूक पुसून टाकून बर्नला कळवत होती.

"पण मग मोठ्यांचे आकडे का नाही उतरले?" तिनं एकायला विचारलं. "गूळ तर मी सगळ्यांनाच दिला."

एकाय तिच्याकडे बघतच राहिला. "दादा, तुला खरंच माहीत नव्हतं? मोठं माणूस कुणी खातच नव्हतं. तू दिलेला खडा आयाबाया मुलांच्या तोंडात घालायच्या. तुझ्यासमोर नको, तुला वाईट वाटेल म्हणून झाडाकडे तोंड करून. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

शर्वरीला ते फुगलेले दोन्ही गाल आठवले. एका गालात तिचा खडा आणि दुसऱ्या गालात आजीचा. ती उठली, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो तंबूत नेऊन ठेवला.

परत आली तेव्हा एकायनं पाण्याचा पेला पुढे केला. नुसत्या पाण्याचा.

"एक सांगू?" तो म्हणाला. "उद्यापासून गूळ बंद कर. पुढच्या फेरीला मुलांचे आकडे आपोआप वर जातील. लाल पुड्या परत येतील. कुणाला काही कळवायला नको. तुला घालवून दुसरं कुणी आणतील, ते इथल्या माणसांची नावंसुद्धा शिकणार नाही."

त्याचं बोलणं तिला हवंहवंसं वाटलं, हे कबूल करायला हवं. त्या दुपारी ती दोन तास त्याच विचाराला कुरवाळत बसली. परिषद, आप्पांचा अभिमान, तिकडे गावात लागलेला अभिनंदनाचा फलक. सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. पण संगणकाचे नियम तिला पाठ होते. एखाद्या केंद्राचा आकडा अचानक वर उडाला तर ती लबाडी समजली जाई, कारण मागे काही ठिकाणी मोजणीआधी लोकांना मुद्दाम दोन दिवस उपाशी ठेवण्याचे प्रकार घडले होते. अशी उडी दिसली की संगणक दोन फेऱ्या नुसता पाहात राही, मदत वाढवत नसे. दोन फेऱ्या म्हणजे वीस दिवस. केंद्रप्रमुखानं आधीचे आकडे चुकीचे होते असं कारणासकट लिहून दिलं, तरच नवी मोजणी ताबडतोब धरली जाई. तिच्या गप्प बसण्याचा हिशेब इतका सोपा होता. वीस दिवस, आणि यादीत सहा वर्षांखालची त्र्याण्णव मुलं.

तिनं बर्नला फोन लावला.

पडद्यावर बेआट्रिस आली. पूर्व आफ्रिकेचा सगळा कारभार तिच्याकडे होता. शर्वरीची निवड तिनंच केली होती. शर्वरीनं न थांबता सगळं सांगितलं. बेआट्रिसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रत्येक वेळी? प्रत्येकाला?"

"हो."

"आणि सहा तासांचा रकाना?"

"मीच भरत होते. न विचारता."

"पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, शर्वरी. आधी खाण्यासाठी काहीही देऊ नये."

"वाचलं होतं. मला ते खाणं वाटलं नाही."

बेआट्रिसनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "हे ऐकून तुला बरं वाटणार असेल तर सांगते. त्या पुड्या वाया गेल्या नाहीत. पूर्वेकडे त्यांच्यावर मुलं जगली."

शर्वरीला बरं वाटलं नाही. कुणाच्या ताटातलं कुणाला गेलं याचा निवाडा तिच्या डब्यानं केला होता, एवढंच त्यातून कळत होतं.

"येत्या रविवारी वाटप ठरतंय," बेआट्रिस म्हणाली. "त्याआधी सगळ्यांची मोजणी पुन्हा कर. पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. लेखी कबुली आज पाठव, ती सगळ्या केंद्रांना जाईल. मोजणी झाली की तू परत ये. चौकशी होईल. मला नाइलाज आहे."

"येते," शर्वरी म्हणाली. कबुली तिनं मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिली, चार ओळींत. गूळपाण्याला तिकडे शब्द नव्हता. तिनं 'साखर' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकायबरोबर अकिरुच्या वस्तीवर गेली. अडीच तासांची वाट ती पहिल्यांदाच चालत होती. काटेरी झुडपं, कोरडी नदी, तापलेली वाळू. हे अंतर पाच वर्षांची पोर दर दहा दिवसांनी चालत होती, आणि तेही तोंडात दोन खडे पडतात म्हणून उत्साहानं.

अकिरु गवती झोपडीच्या दाराशी ताडाच्या जातीचं एक कडक फळ दगडानं ठेचत बसली होती. त्या मुलखात दुसरं काही उरलं नाही की लोक ते खातात. शर्वरी तिच्यासमोर मातीत बसली.

"आजी, मला तुम्हाला एक सांगायचंय," तिनं सुरुवात केली, आणि एकाय हळू आवाजात तिचं बोलणं तुर्कानात सांगू लागला. "मी तुम्हाला गोड द्यायचे ना, त्यामुळे यंत्राला वाटलं की मुलांची पोटं भरलेली आहेत. म्हणून मुलांचं अन्न दुसरीकडे गेलं. नावोइच्या वाट्याचंही. चूक माझी आहे. यंत्राची नाही, तुमची तर नाहीच."

अकिरुचा दगड थांबला. मग तिनं एकच विचारलं, "मी तिला माझं गोड दिलं नसतं तर?"

शर्वरीला हाच प्रश्न नको होता. खोटं बोलावंसं वाटलं. पण खोट्यानंच इथवर आणलं होतं. "तरी माझा एक खडा होताच," ती म्हणाली. "तुम्ही आजीनं करायचं तेच केलंत. मला माझं काम करता आलं नाही."

"तुझ्या नळीत फुंकायला आम्ही इतक्या लांबून यायचो," अकिरु म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटायचं, ही शिकलेली पोर आहे, नळीत बघून तिला सगळं कळतं. मी तुझ्यासमोर बसलेली असायची. मला तोंड होतं. तू एकदा विचारलं असतंस, या पोरीनं आज काय खाल्लं, तर मी सांगितलं असतं. तू विचारलं का नाहीस?"

"मला लाज वाटायची," शर्वरी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

अकिरुनं तिला जवळ घेतलं नाही, हाकलूनही दिलं नाही. रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाली, "उपाशी आम्ही होतो. लाज तुला कसली?" आणि पुन्हा फळ ठेचायला लागली.

शनिवारी मोजणी झाली. एकायनं दोन दिवस वस्त्यावस्त्यांवर फिरून निरोप दिला होता, त्यामुळे माणसं सकाळपासूनच येऊ लागली. शर्वरीनं टाकीचं पाणी दिलं आणि डबा बंद करून टेबलावर ठेवला. मुलं त्या डब्याकडे बघत होती. मग तिच्याकडे. त्यांना वाटत होतं, ती विसरली आहे. थोड्या वेळानं आठवेल. सावलीतला तो अर्धा तास तिला फार जड गेला.

"आज काही खाल्लंत का?" ती एकेकाला विचारत होती. तुर्कानातलं हे एक वाक्य तिनं एकायकडून घोटून घेतलं होतं. लोक उत्तर देत होते, संकोच न करता, तपशीलवार. कुणी काल सकाळी पेज. कुणी परवा फळाचा भुगा. कुणी शेजारणीनं दिलेलं शेळीचं दूध, दोन घोट. आणि पडद्यावर मुलांचे आकडे येत होते. एकाहत्तर. अडुसष्ट. त्र्याऐंशी. ज्यांची फुंकर झाली त्यांना ती डब्यातला गूळ देई आणि वाटेला लावी.

दुपारी अकिरु आली. येईल असं शर्वरीला वाटलं नव्हतं.

"आज काही खाल्लंत का, आजी?"

"नाही. काल अर्धं फळ." अकिरुनं फुंकर घातली. शहाऐंशी. पडदा तिला वाचता येत नव्हता, तरी तिनं वाकून बघितलं. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"मी सांगितलं तेही?"

"तेही."

मग शर्वरीनं डबा उघडून तिच्या हातावर खडा ठेवला. अकिरु वळली. मागे रांगेत एक मुलगी उभी होती, नावोइएवढीच, आईचा हात धरून. अकिरुचा हात आपसूक पुढे गेला आणि तिनं तो खडा मुलीच्या मुठीत दिला, नेहमीसारखा. मुलीची मूठ तोंडाकडे निघाली.

"थांब!" शर्वरी ओरडली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. अकिरुचा हात हवेतच राहिला; आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं मान खाली घातली. शर्वरी टेबलाभोवतून पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्या मुलीची बोटं एकेक करून उघडली. मुलीनं घट्ट धरली होती. उपाशी लेकराच्या हातातून तिनं गूळ काढून घेतला, आप्पांच्या लेकीनं. खडा मुलीला दिसेल असा तिनं आपल्या उघड्या तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं फुंकणी पुढे केली.

"आज काही खाल्लंस का, बाळा?"

मुलीनं फुंकणीकडे पाहिलं नाही. तिची नजर शर्वरीच्या तळहातावर होती.

"अजून नाही," ती म्हणाली.